हकीकत दातेरी सुरीची आणि आवडाबाईच्या भट्टीची

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. जिच्या पळीपुढे राजाचे ताट आणि हमालाची पत्रावळ एकसारखी, तिचे पायी मस्तक ठेवोन, आणि ज्यांस हे वाचोन लिहिणाराचा तिटकारा येईल त्यांची आगाऊ क्षमा मागोन, हकीकत लिहितो ऐसीजे. शके सत्राशे तेवीस, दुर्मतीनाम संवत्सर, भाद्रपद मास. संवत्सराचे नाव लिहिताना हात अडला, परंतु ते नाव पंचांगकर्त्यांनी ठेविले आहे, आमचे वर्तन पाहोन ठेविले नाही. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य लहान होते आणि लौकिक मोठा होता, आणि राज्यापेक्षा लौकिकच फार जपावा लागे. लिहिणाराचेही नाव लिहीत नाही. ते राज्याच्या अब्रूसाठी गाळिले ऐसे कोणी समजू नये. माझ्या भित्रेपणापायी गाळिले आहे. इतके सांगतो की मी मुदपाकखान्याचा, म्हणजे राजाच्या स्वयंपाकघराचा, कारकून होतो, आणि वर्षअखेर राज्याची बखर लिहिण्याचे कामही मजकडेच होते, आणि दोन्ही कामांत मी स्वतःस फार शहाणा समजत असे.

तर जाहले ऐसे, की त्या वर्षी दसऱ्यास महाराजांचे व्याही, शेजारील राज्याचे सरकार, खासा स्वारी घेवोन येणार ऐसा खलिता आला, आणि खलित्यात लिहिले होते की सरकारांची पोटाची प्रकृती नाजूक असलेने राजवैद्यांनी भात, पोळी, पुरणवरण सर्व बंद केले आहे, आणि सरकार फक्त पावाचे पातळ काप भाजोन दुधात बुडवोन घेतात. आणखी लिहिले होते की परक्या घरी चिरोन आणलेले अन्न सरकार घेत नाहीत, तो त्यांचे घराण्याचा जुना परिपाठ आहे, सबब पाव डोळ्यांसमोर चिरावा आणि काप सारखे पडावे. हे वाचोन महाराज फार चिंतावले. आमचे मुदपाकखान्यात एकाच वेळी हजार पुरणपोळ्या लाटणारे आचारी होते, परंतु पाव कोणी पाहिलासुद्धा नव्हता. मग जासूद सुटले, आणि समुद्रकाठाहून आवडाबाई म्हणोन भंडाऱ्याची, म्हणजे ताडी काढणाराची, विधवा बाई, वय पन्नाशीचे, हिला शोधोन आणिले. ही बाई फिरंग्याच्या भट्टीत पाव भाजावयास शिकली होती आणि तीस वर्षे दुसऱ्यांच्या भट्ट्यांत पाव भाजीत होती. तिने एका मडक्यात ताडीचे आंबवण भरोन मांडीवर घेवोन बैलगाडीतून आणिले, आणि वाटेत कोणास त्याला हात लावू दिला नाही. आल्यावर तिने आपले हाताने माती तुडवोन मुदपाकखान्याचे मागे भट्टी बांधिली, आणि तिसरे दिवशी पाव काढिला. त्याचा वास दरबारात गेला आणि दरबार अर्धी घटका तहकूब जाहला. महाराज स्वतः भट्टीशी आले आणि बोलिले, "आवडाबाई, दसऱ्यास व्याही तृप्त होवोन उठले की ही भट्टी आणि शेजारची दोन खोल्यांची जागा तुमची. सनद करोन देऊ. कोणी उठवणार नाही." बाईने भट्टीच्या तोंडावर हात ठेविला, भिंत ओली आहे की वाळली हे पाहतात तसा. मी तेथे उभा होतो. तिला काय हवे आहे ते मला त्याच क्षणी कळले, म्हणोन पुढे मला कळले नव्हते ऐसे म्हणता येत नाही.

आता पाव जाहला, परंतु तो चिरावयाचा कशाने? विळीवर धरिला तो चेपला. सिलेखान्याचे, म्हणजे शस्त्रागाराचे, दरोगे हैबतराव मोठे मानी गृहस्थ. ते तलवार घेवोन आले आणि एक घाव घालोन पावाचे दोन भाग केले, त्यातला एक भाग विहिरीत पडला. मग मसलत बैसली, आणि महाराजांची आज्ञा जाहली की चांगली सुरी घ्यावी, परंतु खजिन्यास दसऱ्याचा खर्च फार आहे, सबब बेताच्या किमतीत घ्यावी, आणि ते काम कारकुनाने करावे. माझी छाती फुगली. मी दवंडी पिटविली, आणि चार दिवस मुदपाकखान्याचे ओसरीवर सुऱ्यांचा बाजार भरला. एकाने हस्तिदंती मुठीची आणिली, तीवर मोर कोरला होता. एकाने जौहरदार पोलादाची आणिली, पात्यावर पाण्याच्या लाटा दिसत होत्या, आणि किंमत ऐकोन मी ती दोन्ही हातांनी परत केली. एकाने चांदीच्या म्यानातली आणिली आणि म्यानाचेच गुण सांगत बसला. मी प्रत्येक सुरी उन्हात धरोन, एक डोळा मिटोन पाहत असे, आणि मान डोलावीत असे, आणि मला सुरीतले काडीचे कळत नव्हते.

आवडाबाई उंबऱ्याशी बसोन पाहत होती. शेवटी तिने ताजा पाव आणोन माझे पुढे ठेविला आणि म्हणाली, "सायबानू, बघान काय कळतला? चिरून बघा." मी मोराची सुरी लाविली. ती पावाचे पाठीवरून सरसर घसरली आणि पाटात रुतली. मग जोर केला, तो पाव बसला. बाई हसली नाही. म्हणाली, "पावाची वयरची साल कठीण, आतमदी कापूस. गुळगुळीत पातां वयर घसारतां, मगे दाबूचां लागतां. दाबलास की पाव मेलो. दातांची सुरी व्हयी, करवतीसारखी. नुसती मागे-पुढे करूची, दाबूची नाय." मी विचारिले की दात किती मोठे असावे. ती म्हणाली, "मोठे दात पाव फाडतत. अगदी बारीक दातांत भुगो अडाकता. मदले बघा. आणि पातां पावापेक्षा चार बोटां लांब व्हयां, नायतर मदीच अडाकतां. मूठ वयर उचललेली व्हयी, नायतर बोटां पाटार आपाटतत. मोर कित्याक व्हयो? मोर काय पाव चिरतलो?" हे सर्व मी दौतीत टाक बुडवोन लिहोन घेतले. लिहोन घेतले हे विशेष सांगतो, कारण पुढे विसरलो म्हणावयाची सोयही मी ठेविली नव्हती.

मग आठवड्याचे बाजारी आम्ही दोघे गेलो. तेथे घिसाडी लोहारांचा तळ होता, गाडीच्या चाकाशी भाता, आणि जमिनीवर पोत्यावर कोयते, विळे, खुरपी मांडिलेली. त्यांत एक सुरी होती, साध्या बाभळीच्या मुठीची, पात्यास कानशीने एकेक दात काढिलेला, पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आणि तीन खिळ्यांनी बसविलेले. आवडाबाईने ती हातात तोलोन पाहिली, मूठ घट्ट धरोन हलविली, पाते नखाने वाजविले, आणि ओच्यातून शिळ्या पावाचा तुकडा काढोन तेथेच चिरिला. काप असा पडला की त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता आणि पोत्यावर चार कण सांडले नाहीत. घिसाडीण म्हणाली, "सव्वा रुपाय. कमी न्हाई हुयाचा. नवऱ्यानं दोन दिस कानस चालिवली हाय." मी कमी करू लागलो, तो आवडाबाईने माझे उपरणे मागून ओढिले आणि म्हणाली, "द्या हो. सव्वा रुपयान् राजाची लाज रवतली." आणि सुरी घेतली. परत येताना बाई ती पदरात गुंडाळोन चालत होती, आणि मी पुढे चालत होतो, आणि दरबारात काय बोलावयाचे ते जुळवीत होतो.

दरबारात मी जे बोललो त्यात आवडाबाईचे नाव नव्हते. मी म्हणालो की सेवकाने चार दिवस परीक्षा करोन, मोरास न भुलता, चांदीस न भुलता, हे शस्त्र हुडकिले, आणि मग दात मोठे का नसावे आणि बारीक का नसावे हे सर्व मी तिचेच शब्दांत सांगितले, फक्त तिची बोली काढोन टाकिली. महाराज फार संतोषले. सव्वा रुपयात ऐसे काम, म्हणोन मला शेला पांघरविला. आवडाबाई दाराशी पावाचे तबक घेवोन उभी होती. तिने सर्व ऐकिले आणि तबक खाली ठेवोन गेली. त्या वेळी मला वाटले की तिचे लक्ष नव्हते. लाज अंगी असलेल्या माणसास ऐसे वाटत नाही, हे आता लिहितो, आता लिहोन काय उपयोग.

सुऱ्यांचे वर्णन मी वर लांबविले आहे हे वाचणाराचे ध्यानी आलेच असेल. पुढले लिहावयास हात वळत नाही म्हणोन लांबविले. आता लिहितो. आश्विन मास लागला, नवरात्र बैसले. आमचे राज्यात खंडेनवमीआधी सर्व शस्त्रे शिकलगाराकडे जावोन धार लावोन येत, मग सिलेखान्यात लाल आसनावर मांडोन त्यांची पूजा होई, आणि एकदा मांडिले की दसऱ्याचे सकाळपर्यंत कोणी शस्त्र उचलीत नसे. मुदपाकखान्याच्या सुऱ्या, विळ्या, झारे यांची पूजा चुलीपाशी होई, सिलेखान्याशी त्यांचा संबंध नसे. परंतु मला शेला मिळाला होता. मला वाटले, माझी सुरी चुलीपाशी का म्हणोन? ती तलवारीच्या रांगेत मांडावी आणि चार लोकांनी विचारावे की हे कोणाचे शस्त्र. अष्टमीस मी ती मागावयास गेलो. आवडाबाई पीठ मळीत होती. म्हणाली, "न्हेतास तर न्हेवा. पण दात सांभाळा. दसऱ्याक माका दुसरी मेळूची नाय." मी म्हणालो, "बाई, राजाच्या तलवारीशेजारी तिचा मान होतो आहे." तिला बरे वाटले. पिठाच्या हाताने तिने सुरीस नमस्कार केला.

सिलेखान्यात गेलो तो हैबतराव मांडणी पाहत होते, भोवती वीसपंचवीस शिलेदार. शेल्याच्या दिवशी यांतले कोणी दरबारात नव्हते, शेल्याची वार्ता तेवढी ऐकिली होती. हैबतरावांनी सुरी हातात घेतली, पात्यावरून अंगठा फिरविला आणि मोठ्याने हसले. बोलिले, "काय हो कारकून, ही कोणत्या लढाईतून आली? धारेचे पार दाणे उडाले आहेत. अशी खाचा पडलेली हत्यारे आमच्या आसनावर चढत नाहीत. महाराजांच्या वडिलांचीही एक खाच पडलेली तलवार आम्ही मागे ठेविली आहे. शेला कशाबद्दल मिळाला म्हणायचा, भंगार आणल्याबद्दल?" सर्व हसले. आता मी इतकेच म्हणावयाचे होते की हे दात आहेत, मुद्दाम केले आहेत, पाव चिरावयास लागतात. माझ्या कागदावर ते लिहिलेले होते. परंतु शिलेदार हसत होते, आणि स्वयंपाकघरातल्या बाईने शिकविलेली गोष्ट तलवारी बाळगणाऱ्यांस सांगावी, तर ते आणखी हसतील ऐसे भय वाटले. मी म्हणालो, "होय, धार लावावयाचीच आहे. म्हणोनच आणिली." आणि हैबतरावांनी सुरी शिकलगाराकडे फेकिली.

इमाम शिकलगार चाकाशी बसला होता. म्हातारा होता, हाताची बोटे लोखंडाने काळी पडलेली. त्याने सुरी डोळ्याशी धरिली आणि चाक थांबविले. म्हणाला, "सायेब, ह्ये दात मोडल्यालं न्हाईत. पाडल्यालं हाईत. कारागिरानं कानशीनं येकेक काढलाय. घासू का?" मी इकडे तिकडे पाहिले. शिलेदार पाहत होते. मी म्हणालो, "घास." तो म्हणाला, "दात ग्येलं की पातं मागं हटतंय, मंग जाडीला लागतंय. पयल्यावानी धार बसायची न्हाई. पुन्यांदा इचारतो. घासू?" मी म्हणालो, "एकदा सांगितले ते कळत नाही काय? घास." मग चाक फिरू लागले आणि ठिणग्या उडाल्या, आणि मी मनास समजाविले की दात गेले तरी पाते तकतकीत होईल, आणि तकतकीत सुरीने कोठे पाव चिरत नाही काय. मोराच्या सुरीने मी स्वतः चेपलेला पाव मला त्या वेळी आठवत होता. तरीही समजाविले. अर्ध्या घटकेत सुरी आरशासारखी जाहली, तीत माझे तोंड दिसत होते, आणि हैबतराव म्हणाले, "हां, आता शस्त्र दिसते." आणि ती लाल आसनावर चढली.

नवमीस आवडाबाई विचारावयास आली, "सुरी बरी असा ना?" मी म्हणालो, "आसनावर आहे, उद्यापर्यंत हात लावता येत नाही." ते खरे होते, आणि खरे बोलता आले म्हणोन मला हलके वाटले. दसऱ्याचे सकाळी पूजा उतरली. त्या वेळीही वेळ होता. सुरी नेवोन पावावर एकदा लावोन पाहता आली असती, घिसाड्यांचा तळ दीड कोसावर होता, घोडा घालता आला असता. मी लावोन पाहिली नाही, कारण लाविली असती तर कळले असते. हैबतरावांनी सुरीस झेंडूची माळ घालोन तबकातून परस्पर पंक्तीस पाठविली.

दुपारी पंगत बैसली. व्याहीसरकार चांदीच्या पाटावर, समोर महाराज, दोन्ही बाजूंस मानकरी, भिंतीशी कारागीर आणि बलुतेदार दसऱ्याचा मान घेण्यास उभे, त्यांत इमाम शिकलगारही होता. आवडाबाई नवे लुगडे नेसोन पाव घेवोन आली. तसा पाव तिने पूर्वी केला नव्हता आणि पुढेही केला नसेल. मधाच्या रंगाची साल, आणि नुसता ठेविला तरी कुरकुर वाजत होता. व्याहीसरकार पुढे वाकोन पाहू लागले. कित्येक महिन्यांत त्यांनी अन्नाकडे तसे पाहिले नव्हते ऐसे त्यांचे खिजमतगार मागाहून म्हणाले. बाईने तबकातली माळ बाजूस केली, सुरी उचलली, आणि न पाहता पावावर ठेविली, इतका तिचा हातावर भरवसा होता. सुरी घसरली. तिने पुन्हा ठेविली. पुन्हा घसरली. मग तिने सुरी उलटी करोन पात्यावरून अंगठा फिरविला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मान वर करोन माझ्याकडे पाहिले. मी ताटाभोवतीची रांगोळी पाहू लागलो. मग तिला दाबावेच लागले, पंगत ताटकळली होती. पाव बसला, साल फुटोन तुकडे उडाले आणि व्याहीसरकारांचे जरीच्या अंगरख्यावर पडले. सरकारांनी ते झटकिले आणि हसोन बोलिले, "आमच्याकडे पाव चिरतात. आपल्याकडे कुटतात वाटते." आणि पाटावरून उठले.

महाराजांचा चेहरा पांढरा पडला. बोलिले, "आवडाबाई, पाव कच्चा राहिला काय?" ती म्हणाली, "म्हाराजानू, पाव पक्को असा. सुरयेचे दात गेले. कोणीतरी घासून टाकल्यानी." महाराजांनी मजकडे पाहिले आणि विचारिले, "कारकून, सुरी तुम्ही निवडलेली. हिला दात होते काय?" पंगतीत शंभर माणसे होती. इमाम शिकलगार भिंतीशी उभा होता. तो काही बोलला नाही, गरिबाने कारकुनाविरुद्ध कोठे बोलावे, परंतु त्याने मान खाली घातली ती मला दिसली. हैबतराव मिशीवर हात ठेवोन पाहत होते. एक शब्द बोलावयाचा होता. मी म्हणालो, "महाराज, सुरी जशी होती तशीच आहे."

मग आवडाबाई पुन्हा बोलली नाही. तिने वाद घालावा, मला शिव्या द्याव्या, ऐसी मी वाट पाहत होतो, म्हणजे मला रागावता आले असते. तिने फुटलेला पाव गोळा केला, जमिनीवरचे तुकडेसुद्धा वेचोन ओच्यात घेतले, आणि महाराजांस म्हणाली, "माजां आंबवणाचां मडकां माका न्हेवूक द्या. दुसरां काय नको." महाराजांनी हाताच्या खुणेनेच ने म्हणोन सांगितले. सायंकाळी सीमोल्लंघनास सर्व लोक पश्चिमेच्या वेशीने निघाले, आणि ती मडके डोक्यावर घेवोन दक्षिणेच्या वेशीने गेली. तिच्याबरोबर गाडी दिली नव्हती. भट्टी दोन महिने तशीच राहिली, मग तीत घोड्यांची वैरण भरू लागले. आणि वर्षअखेर मी राज्याची बखर लिहिली. तीत दसऱ्याचे प्रकरणी एकच ओळ आहे, ती माझ्याच हातची आहे, अक्षर फार सुंदर आले आहे. ती ऐसी: "भट्टीवाल्या बाईचा पाव कच्चा निघाला, सबब तीस दूर केले."

यावर सहा वर्षे गेली. मी शेला कधी पांघरला नाही, ऐसे लिहावे वाटते, परंतु पांघरला, दर सणास पांघरला. सातवे वर्षी मला राहवेना. का, ते सांगता येत नाही, तब्येत बिघडली नव्हती, कोणी काही बोलले नव्हते. एके सकाळी मी महाराजांपुढे जावोन पाय धरिले आणि सर्व सांगितले. महाराज अडकित्त्याने सुपारी कातरीत होते. कातरणे थांबविले नाही. बोलिले, "त्यात नवे काय सांगितले? आम्हांस त्याच दिवशी कळले होते. दातांची थोरवी तुम्हीच दरबारात सांगितली होती, आणि पंगतीत पाते आरशासारखे गुळगुळीत होते, आम्ही काय आंधळे? परंतु व्याह्यांसमोर आमचा कारकून खोटा ठरला असता तर लाज आमची गेली असती. बाईची गेली, ती आम्हांस स्वस्त पडली. चांगली आणि स्वस्त पाहण्याची आज्ञा तुम्हांसच होती ना?" आणि विड्याचे पान पुढे केले. मी ते घेतले. नको म्हणावयाचे धैर्य तेव्हाही जाहले नाही.

मग मी नवा कागद घेवोन खरी हकीकत लिहिली, आणि ती घेवोन समुद्रकाठी गेलो. चार गावे विचारीत पाचव्या गावी आवडाबाई सापडली. दुसऱ्या कोणाच्या भट्टीत पाव भाजीत होती, पाठीस बाक आला होता, आणि गिऱ्हाइकांस काप करोन देत होती. हातात सुरी दातेरीच होती. तिने मला ओळखिले. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितले की राज्याच्या बखरीतली ओळ खोटी आहे, आणि खरी मी आता लिहोन आणिली आहे, पाव पक्का होता, सुरीचे दात मी घासविले, सर्व माझ्या हातचे लिहिले आहे, माझ्या मुद्रेनिशी, आणि कागद तिच्यापुढे धरिला. तिने हात पुसले, कागद घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मला परत दिला. म्हणाली, "माका वाचूक येणा नाय." मी म्हणालो, "मी वाचोन दाखवितो." ती म्हणाली, "माका कित्याक? माका ठावक असा. त्या दिसा शंभर माणसा बसली होती. तेव्हा तोंडान सांगूक व्हयां होतां." आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास म्हणाली, "तुमकां किती काप व्हये?"

येणेप्रमाणे हकीकत. सुरी चांगली होती, बेताच्या किमतीची होती, आणि ती मी निवडिली नव्हती. पाव पक्का होता. दात मोडले नव्हते, मी घासविले. भट्टी आवडाबाईची होती, तिने आपले हातांनी बांधिली होती, ती तीस मिळाली नाही, आणि आता मिळावयाचीही नाही. हा कागद ज्याचे हाती पडेल त्याने मनात वाचू नये. चार माणसे बसवावी, जास्त मिळाली तर जास्त बसवावी, आणि तोंडाने, मोठ्याने वाचावा.